आधी शपथ सोडवायची, मग गाडी काढायची

नातीची सहल मी चोरली. हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा राहतो.

नात आणि तिचा नवरा दोघंही आयटीत. राहायला वाकडला, इतक्या वरच्या मजल्यावर की तिथून खाली बघितलं की माझ्या गुडघ्यांना घाम फुटतो. लग्नाच्या दुसऱ्या वाढदिवसाला गाडी काढायची, वाटेत जिथे जिथे जागच्या जागी ताजी बियर बनवतात तिथे थांबायचं आणि त्या त्या गावचं जे नावाजलेलं असेल ते खायचं, असा त्यांचा बेत होता. एका रविवारी ती लॅपटॉप घेऊन चिखलीला आमच्याकडे आली आणि जेवणाचं टेबल अडवून बसली. पडद्यावर नकाशा आणि त्यावर चार लाल ठिपके. एक इथेच पुनावळ्याला, एक साताऱ्याच्या अलीकडे, एक कोल्हापूरच्या पलीकडे आणि शेवटचा गोव्यात. मी समोर मेथी निवडत होते.

"हे काय गं, चार धाम?"

"आजी, ब्रुअरी आहेत. क्राफ्ट बियर."

तेवढ्यात आमचे हे हात पुसत आले. सत्तरी ओलांडली तरी ह्यांचे हात रोज सकाळी कशाने तरी काळे होतातच. चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि पुनावळ्याच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "ही आपली." मग साताऱ्यावर. "हीबी आपली." कोल्हापूरवर बोट गेलं तेव्हा आवाज चढला होता. "अगं, ह्या चारी ठिकाणी आपल्याच टाक्या हायेत की!"

हे सांगायला हवं. ह्यांनी कंपनीतून लवकर निवृत्ती घेतली आणि चिखलीत घराच्या मागच्या तुकड्यावर शेड टाकली. तिथे स्टीलच्या टाक्या बनतात. सुरुवातीला दूध डेअरीच्या बनवल्या. मग कुणीतरी विचारलं, बियरची जमेल का? हे म्हणाले, स्टीलला काय कळतंय आत काय वतलंय! तेव्हापासून बियरच्या टाक्या. शेड आता मुलगा बघतो, पण टाकी पूर्ण झाली की शेवटची तपासणी ह्यांचीच. मॅनहोलमधून आत शिरतात आणि डोळे मिटून जोडावर तळहात फिरवतात. बोटाला केसाएवढी खाच लागली तरी बाहेर येऊन सांगतात, "पुन्हा घासा."

"मग आबा, तुमच्या टाकीतली बियर लागते कशी?" नातीने विचारलं.

"मला काय म्हाईत? मी कुठं पेतो?"

म्हणाले हसतच. पण बोट गोव्याच्या ठिपक्यावरून निघेना.

पुढच्याच आठवड्यात नातीचा रडवेला फोन. ऑफिसात कसलंसं मोठं काम आलं, सुट्टी रद्द. तिचं दुःख ऐकून घ्यायचं सोडून माझ्या तोंडून निघालं, "मग तो नकाशा आम्हाला दे."

"आजी, तू आणि आबा? ब्रुअरीला?"

"का? टाक्या आमच्या आहेत. लेकी सासरी दिल्या की आईबाप बघायला जातात ना? तसं."

ती इतकी हसली की ऑफिसमधल्या कुणीतरी तिला पाणी आणून दिलं म्हणे.

लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आम्ही दोघंच असे जोडीनं कुठे गेलो असू तर लग्नानंतर जेजुरीला. तिथेही ह्यांनी मला उचलून पाच पायऱ्या चढायच्या तर तीनच चढले, कारण मी हसत सुटले. त्यानंतर सगळा प्रवास म्हणजे लग्नं, बारशी, दवाखाने आणि शाळेच्या सहली. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते. साठ मुलं मोजत सिंहगड चढण्याला कुणी सहल म्हणत असेल तर म्हणो. त्यामुळे ही आमची पहिली खरी सहल, आणि माझ्या अंगात वारं शिरलं. मी वही काढली. डावं पान ह्यांच्या टाक्यांना, उजवं माझ्या खाण्याला.

रोज संध्याकाळी बैठक. नातीने फोनवरून एकच कायदा घालून दिला होता: जिथे घोट तिथे मुक्काम. ब्रुअरीपासून चालत जाता येईल अशाच ठिकाणी तिने खोल्या बघितल्या. गाडी आम्ही आलटून पालटून चालवणार. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकले आणि चाकणच्या चौकात कंटेनरच्या रांगेत हात बसवला; मला गोव्याचा रस्ता काय घाबरवणार! खाण्यावरून मात्र आमचं रोज वाजायचं.

"साताऱ्याला कंदी पेढा," मी लिहिलं.

"बियरवर पेढा? येडी का खुळी?"

"बियरच्या आधी हो. सकाळी. आणि कोल्हापूरला तांबडा-पांढरा, तिथे वाद नको."

"वाद कोन घालतंय? पन आदी टाकी, मंग ताट."

"आधी ताट. तुमची टाकी काय पळून जाते का?"

"ताट तरी कुठं पळतंय?"

आंबोलीच्या घाटातून उतरायचं, मालवणात बांगडा आणि सोलकढी, गोव्यात जे समोर येईल ते. येताना हवं तर कोकणातून वर. निघताना बरोबर आपलं काहीतरी हवं, म्हणून मासवड्यांचा डबा, हे मी कुणालाही न विचारता लिहून टाकलं. ह्यांनी डाव्या पानावर सामान लिहिलं: टॉर्च, दांड्याचा आरसा, पांढरे हातमोजे. टाकीच्या आतला जोड बघायला. बायकोबरोबर पहिल्यांदा फिरायला निघालेला माणूस हातमोजे घेतो! मी नातीला फोटो पाठवला. ती म्हणाली, आबांना सांग, प्यायचा परवानापण लागतो, एक दिवसाचाही मिळतो, त्यावर आरोग्याच्या रक्षणासाठी असं काहीतरी लिहिलेलं असतं.

"मंग तुज्या आजीला द्या," हे म्हणाले. "मला नको. मी टाक्या बघीन. पेनार न्हाई. मी भंडारा उचललाय."

वहीवरचा माझा हात थांबला.

आता त्या बाईबद्दल लिहावं लागणार. बाई म्हणजे मीच, बावीस वर्षांची. पण तिला 'मी' म्हणायला जीभ धजत नाही, इतकी ती आगाऊ होती. तळेगावच्या मास्तरांची लेक, डी.एड. पहिल्या वर्गात पास, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी पक्की समजूत. ती लग्न होऊन चिखलीला आली तेव्हा चिखली म्हणजे शेतं, एक पार, आणि खंडोबाचं देऊळ. नवरा चिंचवडच्या कंपनीत लेथवर. सकाळपाळी करून चारला सायकलवर घरी.

लग्नाच्या तिसऱ्या महिन्यात बाईंना वास आला. आंबट, कुबट, नासलेला. आणि तो यायचा फक्त शुक्रवारी. बाईंनी तपास सुरू केला. गुरुवारी आमच्याकडे एमआयडीसीला सुट्टी असते, तेव्हाही असायची. म्हणजे सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी मित्र भेटतात, आणि कामावरून येताना हे कुठेतरी बसतात. सिद्ध झालं! बाईंनी शर्टाचा वास घेतला, विजारीचा घेतला, एकदा तर ह्यांना दारात उभं करून 'हा' म्हणायला लावलं. तोंडाला वास नव्हता. तर बाईंनी निष्कर्ष काढला की बडीशेप खाल्ली असणार.

सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "पोरी, माझा लेक पेत न्हाई गं."

"आईला असंच वाटतं," बाई म्हणाल्या. विचार करा. तीन महिन्यांची सून.

रविवारी संध्याकाळी आरतीच्या वेळेला तिने नवऱ्याला खंडोबाच्या देवळात नेलं. आळीतल्या बायका होत्या, गुरव होते. सगळ्यांसमोर ती रडली. बेलाचं पान आणि भंडारा ह्यांच्यासमोर धरला आणि म्हणाली, प्यायचं नाही म्हणून उचला. ह्यांचं तोंड लाल झालं होतं. "मी पेत न्हाई," एकदाच म्हणाले. मग बेलभंडार उचलला आणि म्हणाले, "जल्मात थेंब घेनार न्हाई." बाई जिंकल्या. घरी येताना चालीत असा काही तोरा होता, की आज ती समोर भेटली तर मी तिला वर्गाबाहेर उभं करीन.

आता पुढचं ऐका. त्याच वर्षी खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा होती, आणि घरच्यांना आत येऊ देतात तो वर्षातला एकच दिवस. नेमका शुक्रवार होता. बाई नवं लुगडं नेसून, हळदीकुंकवाचं ताट घेऊन गेल्या. ह्यांच्या लेथला झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं, आणि सुपरवायझर म्हणाले, आता मशीन चालू करा. ह्यांनी बटण दाबलं. नळीतून दुधासारखं पांढरं पाणी धारेने वाहायला लागलं.

आणि तो वास आला.

तोच. आंबट, कुबट, नासलेला. शुक्रवारचा.

"हे काय आहे?" बाईंनी ताट सांभाळत विचारलं.

"कुलंट," हे म्हणाले. "तेल आन पानी. मशीन तापू नये म्हनून. गुरवारी बंद ऱ्हातंय ना, एका जागी साचून नासतं. शुक्करवारी सगळ्यांच्या कापडाला वास." आणि पेढा पुढे केला.

बाईंनी पेढा खाल्ला. दुसराही खाल्ला. आणि काही बोलल्या नाहीत.

आज सांगेन, उद्या सांगेन, असं आधी म्हणत राहिले. पण तोवर आळीत माझं नाव झालं होतं. बायका यायच्या, "मास्तरीणबाई, आमच्यालाबी देवळात घालून द्या." मी चार जणांना शपथा घातल्या. एवढं मोठं पद सोडून 'मी चुकले' कोण म्हणणार? पुढे मुलं झाली, संसार झाला, आणि न पिणारा नवरा ही काही तक्रार करण्यासारखी गोष्ट नव्हती. मग बियरच्या टाक्या सुरू झाल्या. मुलगा एकदा सांगत आला, की टाकी चालू करून दिली की मालक पहिला ग्लास आबांच्या हातात देतात. आबा तो उजेडाकडे धरून बघतात, वास घेतात, आणि शेजारच्या वेल्डरला देतात. "काय म्हनतोस? कशी हाय?" म्हणून त्याच्या तोंडाकडे बघत राहतात. ते ऐकलं त्या दिवशी मी अर्ध्या ताटावरून उठले. तरीही सांगितलं नाही.

आणि आता चार टाक्यांचा दौरा काढून हा माणूस चार ठिकाणी चार वेळा दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसणार होता. माझ्यामुळे.

सांगायचं ठरवलं. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती म्हणून वेळ अशी निवडली, की दुपारी डबा घेऊन शेडमध्ये गेले तेव्हा हे टाकीच्या आत होते. बाहेर फक्त चपला. माणसं जेवायला गेली होती. मी मॅनहोलपाशी स्टूल ओढून बसले आणि एका दमात सगळं बोलले. वास, शुक्रवार, खंडेनवमी, दोन पेढे.

आत घासण्याचा आवाज थांबला. टाकीतून घुमत आवाज आला, देवळाच्या गाभाऱ्यातून यावा तसा.

"परत बोल."

परत बोलले. दुसऱ्यांदा जास्त जड गेलं.

हे बाहेर आले. भुवयांवर स्टीलची भुकटी. हात धुतले, डबा उघडला, भाकरी मोडली, जेवले. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. डबा झाकून म्हणाले, "बियरचं ऱ्हाऊ दे. बियर गेली खड्ड्यात. मला वाटायचं, तुला आजून वाटतंय का मी पेनारा होतो आन तू मला सुदारलं. अठ्ठेचाळीस वर्सं मी तुज्या घरात सुदारल्याला बेवडा म्हनून ऱ्हायलो. आन तुला ठाव व्हतं."

"होतं," मी म्हणाले.

"माजी आई खोटी ठरून तशीच गेली."

मी रिकामा डबा उचलला आणि घरी आले.

दोन दिवस वही बंद. नातीचा फोन आला, आजी, खोल्या पक्क्या करू का? मी म्हटलं, थांब जरा. साताऱ्याचे पेढे, मालवणचा बांगडा, सगळं मला डोळ्यांसमोर वाळताना दिसत होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे हे सकाळचा चहा शेडवर जाऊन प्यायला लागले होते.

तिसऱ्या दिवशी स्वतःहून समोर येऊन बसले. "शपत तू घातली. तूच सोडवायची. रविवारी देवळात चल. तवा जशी सगळ्यांम्होरं बोलली, तशीच बोल. मंग देव काय म्हनल ते."

"आणि देव नाही म्हणाला तर?"

"तर टाक्या बगू आन सोलकडी पिऊ."

म्हणजे सहल रद्द नव्हती! एवढंच ऐकून मी उठून दाण्याचा कूट करायला घेतला. मासवडीचा. आनंदात माझे हात मिक्सरकडे जातात.

रविवारी देऊळ भरलेलं. आता तिथे चकचकीत फरशी आहे आणि देवामागे रंगीत दिवे फिरतात. त्या वेळचे गुरव गेले; त्यांचा मुलगा आता पूजा करतो, तोही पन्नाशीचा. आळीतल्या जुन्या दोघी आल्या होत्या, काठ्या टेकत. त्यांना कुणी सांगितलं असेल? ह्यांनीच. मला चारचौघांत उभं करायचं तर पूर्ण उभं करायचं.

मी उभी राहिले. म्हणाले, "ह्यांनी लग्नाआधी किंवा नंतर कधी थेंब घेतला नव्हता. वास मशीनच्या पाण्याचा होता. मी खोटा आळ घेतला. मला चार-पाच महिन्यांतच कळलं, आणि मी सांगितलं नाही. सासूबाई खरं बोलत होत्या."

त्या दोघींतली एक मोठ्याने म्हणाली, "व्हय गं बाई, पन आमच्याला लागू पडली न्हवं तुजी शपत! त्यो खराच पेत व्हता." हशा झाला. मला त्या माऊलीचे पाय धरावेसे वाटले.

गुरवांनी देवाला भंडारा वाहिला आणि कौल लावला. शेवंतीची दोन फुलं ओली करून देवाच्या दोन्ही अंगांना चिकटवली. उजवं पडलं तर शपथ सुटली, डावं पडलं तर नाही. आम्ही बघत उभे. फुलं ढिम्म. पाच मिनिटं गेली. दहा गेली. ह्यांनी हात जोडले होते, पण बोटं एकमेकांवर घासत होती, टाकीचा जोड तपासताना घासतात तशी. तेव्हा मला कळलं की त्यांना किती हवंय ते. सोलकढी वगैरे सगळं बोलायचं होतं.

गुरव हळूच म्हणाले, "आजी, काय मागं ऱ्हायलंय का? असलं तर बोलून टाका. देवाला अर्धं चालत न्हाई."

राहिलं होतं. ते मी देवाला काय, वहीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"गेल्या दिवाळीत," मी म्हणाले, "नातीबरोबर वाकडला गेले होते. तिने ग्लास पुढे केला. मी अर्धा प्यायले."

आणि उजवं फूल सुटलं. घरंगळत देवाच्या पायाशी आलं. "येळकोट येळकोट!" गुरव ओरडले, बायकांनी उचलून धरलं, भंडारा उधळला, माझ्या चष्म्यावर पिवळा थर बसला. त्या पिवळ्यातून मी ह्यांच्याकडे बघितलं. आता हा माणूस फिरून दोन दिवस बोलायचा नाही, असं धरून चालले होते.

हे माझ्याकडे टक लावून बघत होते.

"वाकडला?"

"हो."

"कुनाच्या टाकीतली?"

"मला काय ठाऊक!"

"वाकडला आपली टाकी न्हाई." आणि मान हलवत बाहेर पडले. चपला घालता घालता म्हणतात, "दुसऱ्याची पेली. पयली पेली ती दुसऱ्याची!" माझ्या खोट्यापेक्षा हे जास्त लागलं होतं. पायऱ्या उतरेपर्यंत बडबडत होते, त्या वाकडवाल्याचे जोड कसे असतात ते, पॉलिश कसं नसतंच ते. दोन दिवस न बोललेला माणूस पुन्हा बोलत होता, आणि मी मागून भंडाऱ्याने माखलेली, हसू दाबत चालले होते.

घरी आल्याआल्या वही उघडली गेली. नातीला फोन गेला: कर खोल्या पक्क्या. ह्यांनी चारी ठिकाणी फोन करून विचारलं, कुठली टाकी कधी भरली, कुठली कधी उघडणार, आणि त्या हिशोबाने माझं ताटाचं सगळं पान खालीवर केलं. कोल्हापूरला आम्ही आता मंगळवारी पोचणार होतो. "मंगळवारी पांढरा रस्सा मिळतो ना?" एवढंच मी विचारलं. वाद घालायला माझ्याकडे तोंड नव्हतं, आणि त्याचा फायदा त्यांनी पुरेपूर घेतला.

शनिवारी दुपारी निघालो. मागच्या सीटवर मासवड्या, आरसा, हातमोजे. पहिला मुक्काम पुनावळे, म्हणजे घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर; पण कायदा तो कायदा, म्हणून शेजारच्याच हॉटेलात खोली. आपल्याच गावाजवळ खोली घेऊन राहायचं, ह्यात जी गंमत आहे ती परदेशातही नसेल. रिसेप्शनवरच्या मुलीने पत्ता बघून विचारलं, "चिखलीहून आलात? कामानिमित्त?" मी म्हटलं, "नाही, फिरायला."

ब्रुअरी तिसऱ्या मजल्यावर. काचेमागे ह्यांच्या टाक्या, उंच, उजळ, ओळीने. तिथल्या मालकांनी ओळखलं, आत नेलं. ह्यांनी हातमोजे घातले नाहीत. उघडा तळहात टाकीवर ठेवला आणि खाली सरकवत नेला, अगदी पायापर्यंत, वाकून. मग आम्ही टेबलाशी बसलो. ग्लास आला, वर बोटभर फेस. ह्यांनी तो उजेडाकडे धरला. वास घेतला. शेजारी वेल्डर नव्हता. मी होते.

प्यायले. डोळे मिटले, आणि मिटलेलेच ठेवले.

"काय?" मला धीर निघेना.

"टाकीची थंडी खालपात्तूर पोचलीय," हे म्हणाले. "ही टाकी दिल्यापास्नं चार वर्सं तेच बगायचं व्हतं."

"अहो, चव! चव कशी?"

त्यांनी आणखी एक घोट घेतला, नीट विचार करून. "ताकात कारलं पिळल्यावानी."

"मग ठेवा खाली. सोलकढी मिळेल पुढे."

"ठेवतो की," म्हणाले, आणि तिसरा घोट घेतला. मी हात पुढे केला तर ग्लास दुसऱ्या बाजूला नेला. "तुजं तू मागव. तू अर्ध्या ग्लासानं म्होरं हायेस."